दाढीचा ब्रश : घोड्याचा केस की डुकराचा?

दाढीचा ब्रश घोड्याच्या केसांचा चांगला की डुकराच्या, असे दोघांना विचारले तर तीन उत्तरे मिळतात. एक म्हणतो, डुकराच्या केसांचा ब्रश गाल चांगला घासून काढतो. दुसरा म्हणतो, तो टोचतो, घोड्याच्या केसांचा बरा. तिसरे उत्तर दोघेही एका सुरात देतात : कोणताही ब्रश थोडा जुना झाला की चांगला होतो.

या तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. अडचण आहे ती 'चांगला' या शब्दाची. तो मोजता येत नाही. त्या एका शब्दात ताठपणा, टोकांचा मऊपणा, पाणी धरून ठेवण्याची क्षमता, वाळण्याचा वेग, टिकाऊपणा असे अनेक गुण एकत्र कोंबलेले असतात. ते सुटे केले की प्रश्न विज्ञानाच्या वर्गात नेण्याजोगा होतो. आज दुकानांत बरेचसे ब्रश कृत्रिम तंतूंचे दिसतात हे खरे. तरीही प्राण्यांच्या केसांचे ब्रश वापरात आहेत, आणि त्यांच्यातील फरक समजून घेताना स्थापत्यशास्त्रातील तुळईपासून जीवाणूशास्त्रापर्यंत बऱ्याच गोष्टी हाती लागतात. शेवटी असाही एक फरक समोर येतो, जो गालाला कधीच कळत नाही.

ब्रश नेमके काय करतो?

दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाण्यात भिजला की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. ब्रशाचे पहिले काम म्हणजे हे पाणी खुंटांपर्यंत पोचवणे आणि दोन-तीन मिनिटे तेथे टिकवून धरणे. दुसरे काम, साबण, पाणी आणि हवा यांची घुसळण करून फेस तयार करणे. फेस स्वतः काही कापत नाही. तो पाणी लवकर वाळू देत नाही आणि पात्याखाली वंगणासारखा उपयोगी पडतो. तिसरे काम, त्वचेला चिकटून बसलेले खुंट उभे करणे आणि त्यांवरचा तेलकट थर सैल करणे.

पहिल्या कामाला पाणी धरणारा झुबका हवा, तिसऱ्याला ताठ केस हवेत आणि त्वचेला मऊ टोके हवीत. या मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. म्हणून प्रत्येक ब्रश ही एक तडजोड असते.

एकच प्रथिन, दोन घडणी

घोड्याचा केस आणि डुकराचा राठ केस, दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. आपले केस, नखे, गाईची शिंगे आणि मेंढीची लोकरही त्याच कुळातील. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. त्यांच्या आत लांबट पेशींचा मुख्य गाभा असतो, आणि जाड केसांत मध्यभागी बहुधा पोकळसर पेशींचा एक पट्टाही दिसतो. रासायनिकदृष्ट्या दोघांत फारसा फरक नाही. फरक आहे तो आकारात.

घोड्याच्या शेपटीचा केस अर्धा मीटर किंवा त्याहूनही लांब असतो. आयाळीचा केस आखूड आणि बारीक असतो. ब्रशासाठी लागतो तो काही सेंटिमीटरचा तुकडा. म्हणजे शेपटीच्या एका केसाचे अनेक तुकडे होतात. या तुकड्यांपैकी फक्त एकाला केसाचे नैसर्गिक टोक असते. बाकीचे दोन्हीकडून कापलेले, साधारण सारख्याच जाडीचे असतात.

डुकराच्या पाठीवरचा राठ केस मुळातच आखूड असतो. त्याचा एकच तुकडा होतो, आणि कारागीर तो नैसर्गिक टोक बाहेर राहील असाच बसवतो. हा केस बुडाशी जाड असून टोकाकडे निमुळता होत जातो. शिवाय त्याच्या टोकाला दोन, तीन किंवा अधिक फाटे फुटलेले असतात. तैलरंगाच्या चित्रकारांना आणि भिंती रंगवणाऱ्यांना हाच केस आवडतो, कारण हे फाटे रंग धरून ठेवतात. दाढीच्या ब्रशात वापराने हे फाटे आणखी वाढतात. बुडाचा ताठपणा तसाच राहतो आणि टोके मात्र मऊ होत जातात. ब्रश जुना झाला की चांगला होतो, या अनुभवामागचे कारण हेच.

घोड्याच्या केसाला असे फाटे फुटत नाहीत. त्याच्या ब्रशाचा मऊपणा टोकापेक्षा केसाच्या बारीकपणावर अवलंबून असतो. म्हणून कारागीर ताठ शेपटीचे केस आणि मऊ आयाळीचे केस यांचे मिश्रण करतात. प्रमाण बदलले की ब्रशाचा स्वभाव बदलतो. तेव्हा 'घोड्याच्या केसांचा ब्रश मऊ असतो' हे विधान अपुरे आहे. केस शेपटीचा की आयाळीचा, हे विचारायलाच हवे.

चौथ्या घाताचे गणित

एका टोकाला घट्ट धरलेला केस म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली छोटी तुळई. तिचे मोकळे टोक ठराविक अंतर वाकवायला लागणारे बल व्यासाच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात आणि मोकळ्या लांबीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास दुप्पट केला की केस १६ पट ताठ होतो. लांबी निम्मी केली की ८ पट ताठ होतो.

दुसरा भाग वर्गात लगेच पडताळता येतो. स्टीलची लवचीक फूटपट्टी टेबलाच्या कडेवरून १० सेंटिमीटर बाहेर काढून टोकाला छोटे वजन लावा आणि टोक किती खाली येते ते पाहा. मग तेच वजन २० सेंटिमीटरला लावा. टोक दुप्पट नाही, साधारण आठपट खाली येईल. मुलांना हा निकाल अनपेक्षित वाटतो, आणि म्हणूनच तो लक्षात राहतो.

पण ब्रश म्हणजे एक केस नव्हे. ठराविक मापाच्या कड्यात जाड केस कमी मावतात. व्यास दुप्पट झाला तर केसांची संख्या चौथाई होते. एकेक केस १६ पट ताठ आणि केस मात्र पावपट, म्हणून सगळा झुबका सुमारे ४ पट ताठ होईल. हे आकडेमोडीचे उदाहरण इयत्ता नववीच्या मुलांनाही जमते.

यातून तुलनेचा एक नियमही निघतो. दोन ब्रशांची मोकळी लांबी वेगळी असेल, तर प्राणी कोणता हे ठरवण्याआधीच निकाल लांबीने लावलेला असतो. पाच सेंटिमीटर लांबीचा घोड्याच्या केसांचा ब्रश आणि सहा सेंटिमीटरचा डुकराच्या केसांचा ब्रश यांची तुलना करून प्राण्यांविषयी काहीच सिद्ध होत नाही.

पाण्याने काय बदलते?

केराटिन पाणी शोषते. माणसाच्या केसांवर झालेल्या मोजमापांनुसार पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी आत घेतो. त्याची जाडी १५ टक्क्यांच्या आसपास वाढते, लांबी मात्र एक-दोन टक्केच वाढते. प्रथिनांच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याचे रेणू सैल करतात. त्यामुळे पदार्थ म्हणून भिजलेल्या केसाचा ताठपणा कोरड्याच्या निम्म्याहूनही कमी होतो. डुकराच्या केसांचा ब्रश वापरण्यापूर्वी काही मिनिटे पाण्यात ठेवावा, या जुन्या सल्ल्याला हा आधार आहे. नायलॉन पाणी फार कमी शोषतो, म्हणून त्याच्या बाबतीत या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही.

हे झाले केसाच्या आतले पाणी. ब्रशात त्याहून कितीतरी जास्त पाणी केसांच्या मधल्या फटींत असते, आणि ते तेथे टिकते केशाकर्षणाने. फटी जितक्या अरुंद, तितकी पाण्यावरची पकड घट्ट. बारीक केसांच्या झुबक्यात फटी अरुंद, म्हणून घोड्याच्या आयाळीच्या केसांना येथे फायदा मिळावा. उलट डुकराच्या केसाच्या टोकाचे फाटेही बारीक फटी निर्माण करतात. दोन परिणाम एकमेकांविरुद्ध उभे आहेत. जिंकणार कोण? अशा वेळी तर्क थांबवून तराजू पुढे ओढावा.

वर्गात मोजून पाहू

यासाठी महागडे ब्रश विकत घ्यायची गरज नाही. तैलरंगाचे 'हॉग' प्रकारचे ब्रश चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. ते डुकराच्या केसांचे असतात, फक्त कृत्रिम नाहीत ना याची खात्री करून घ्यावी. व्हायोलिनचा गज घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असतो, आणि हे केस झिजले की बदलावे लागतात. एखाद्या संगीतशिक्षकाकडे मागितले तर टाकून द्यायचे जुने केस मिळतील. त्यांना राळ लागलेली असते, ती स्पिरिटने आणि नंतर साबणाने धुवून काढावी. गजाचे केसही नैसर्गिकच आहेत, याची विचारणा करावी.

१. *जाडी.* लेझर पॉइंटरच्या वाटेत एक केस ताणून धरा आणि दोन मीटरवरच्या भिंतीवर प्रकाश पाडा. विवर्तनामुळे उजळ आणि काळ्या पट्ट्यांची रांग दिसेल. शेजारच्या दोन काळ्या पट्ट्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. लाल लेझरची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर धरली, तर १.३ या संख्येला त्या अंतराने भागले की केसाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. अंतर १३ मिलिमीटर असेल तर व्यास ०.१ मिलिमीटर, अंतर ६.५ असेल तर ०.२. केस जितका जाड, तितके पट्टे जवळजवळ, ही गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्यावी. लेझर शिक्षकांनीच हाताळावा आणि कोणाच्याही डोळ्यांवर पडू देऊ नये. डुकराचा केस बुडाशी, मध्ये आणि टोकाजवळ असा तीन ठिकाणी मोजावा. तो निमुळता आहे हे आकड्यांतूनच दिसेल.

२. *टोक.* सूक्ष्मदर्शक असल्यास उत्तम, नाहीतर साधे भिंगही चालेल. डुकराच्या केसाचे फाटे आणि घोड्याच्या केसाचे कापलेले टोक शेजारी ठेवून चित्रे काढून घ्यावीत.

३. *पाणी.* यासाठी सारख्याच मापाचे दोन झुबके हवेत. कड्याचा व्यास आणि मोकळी लांबी सारखी ठेवून मुलांनी दोऱ्याने बांधले तरी चालतील. कोरडे वजन करा, पाच मिनिटे पाण्यात बुडवा, काढून पाणी ठिबकायचे थांबल्यावर वजन करा. मग तीन झटके देऊन पुन्हा वजन करा. पहिल्या आणि दुसऱ्या ओल्या वजनांतला फरक म्हणजे सैलपणे धरलेले पाणी. पुढे दर तासाला वजन घेतले तर वाळण्याचा आलेख मिळतो. एक ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा तराजू लागेल.

४. *फेस.* सारखेच पाणी, साबणाची सारखी वजनाची कापटी, घुसळण्याचे सारखे फेरे. फेस मोजपात्रात भरून त्याची उंची लगेच आणि दहा मिनिटांनी मोजावी. नळाचे पाणी एकदा आणि विंधनविहिरीचे जड पाणी एकदा वापरून पाहावे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाचा साका होतो आणि फेस कमी पडतो. कदाचित ब्रश बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा पाणी बदलून पडणारा फरक मोठा निघेल. तसे झाले तर तोही निष्कर्षच.

५. *जाळून पाहणे.* शिक्षकांनी चिमट्यात एकच केस धरून ज्योतीत न्यावा. केराटिन जळताना केस जळल्याचा ओळखीचा वास येतो, आणि उरलेली राख बोटांनी चुरडता येते. नायलॉन वितळून त्याचा टणक मणी होतो. ब्रश प्राण्याच्या केसांचा की कृत्रिम, हे यातून कळते. प्राणी कोणता हे मात्र कळत नाही, कारण प्रथिन एकच. कोणती चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे दाखवायला याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

प्राणी कोणता, हा प्रश्न आपल्याकडे केवळ भौतिकशास्त्राचा नाही. धर्मामुळे वा भावनेमुळे डुकराचा केस अनेकांना चालत नाही. घोड्याचा केस जनावराला न मारता कापून घेता येतो, हेही काहींना महत्त्वाचे वाटते. आवडनिवड ज्याची त्याची, परंतु ब्रशात काय आहे हे ग्राहकाला खरेपणाने सांगितले गेले पाहिजे. मुंगसाच्या केसांचे रंगाचे ब्रश एके काळी चित्रकारांत लोकप्रिय होते. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांचा व्यापार आता गुन्हा आहे. शाळेसाठी ब्रश घेतानाही केस कशाचा, हे विचारण्याची सवय चांगली.

गालाला न कळणारा फरक

आता त्या फरकाकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर, १९१५ पासून १९२४ पर्यंत, ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना चेहऱ्यावर व मानेवर काळपुळी होऊ लागली. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स. आपल्याकडचे पशुपालक जनावरांतील याच रोगाला फाशी म्हणतात. अशा दोनशेहून अधिक रुग्णांचा संबंध दाढीच्या ब्रशांशी जोडला गेला. त्यांतील अनेक ब्रश घोड्याच्या केसांचे होते.

युद्धापूर्वी पूर्वेकडच्या देशांतले केस जर्मनी व फ्रान्समध्ये येत, तेथे स्वच्छ आणि निर्जंतुक होत, आणि मग पुढे जात. युद्धाने ही साखळी तुटली. केस थेट कारखान्यांत येऊ लागले. बिज्जूसारख्या दिसणाऱ्या बॅजर या प्राण्याचे महाग केस दुर्मिळ झाल्यामुळे घोड्याचे केस रंगवून त्यांच्या जागी वापरले जाऊ लागले. त्याच वेळी विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसावा म्हणून सैनिकांना रोज दाढी करणे भाग होते. म्हणजे ब्रशांची मागणी वाढली, तपासणी घटली, आणि पात्याने झालेल्या बारीक जखमांवर रोज ब्रश फिरू लागला. १९२० साली ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली.

काळपुळीचा जीवाणू गाई-म्हशी, मेंढ्या, घोडे अशा तृणभक्षी प्राण्यांना सहज मारतो. डुकरे त्याला तुलनेने दाद देत नाहीत. प्रतिकूल परिस्थितीत हा जीवाणू बीजाणूचे रूप घेतो. रॉबर्ट कॉख यांनी त्याचे जीवनचक्र १८७६ मध्ये उलगडून दाखवले. हे बीजाणू मातीत किंवा केसांवर कित्येक वर्षे टिकतात. साबण आणि गरम पाणी यांना ते जुमानत नाहीत.

ज्या सैनिकाच्या हाती असा ब्रश आला, त्याला तो मऊच लागला असेल. फेसही भरपूर आला असेल. वर सांगितलेल्या पाचही चाचण्यांत तो ब्रश उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला असता! दोष घोड्याच्या केसाच्या गुणधर्मांत नव्हताच. तो केस आला कोठून आणि वाटेत त्यावर कोणती प्रक्रिया झाली, यात होता. म्हणून उपायही केसांवर बंदी घालून संपला नाही. कच्चा माल वाफेने किंवा फॉर्मल्डिहाइडने निर्जंतुक करणे, हा खरा उपाय ठरला. नीट प्रक्रिया केलेल्या घोड्याच्या केसांचे ब्रश आजही स्पेनमध्ये बनतात आणि लोक ते निर्धास्तपणे वापरतात. फार जुने, कोठून आले ते ठाऊक नसलेले ब्रश मात्र वापरू नयेत आणि वर्गात प्रयोगासाठीही आणू नयेत.

या साखळीचे पहिले टोक आपल्या जवळचे आहे. जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणारी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ साली पुण्यातच, त्या वेळच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत सुरू झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलली. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. पुण्यात औंध येथे राज्य शासनाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, आणि जनावरांसाठी फाशीची लस तयार करणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. जनावराला लस मिळाली की रोग होत नाही. रोग नाही म्हणजे बीजाणू मातीत आणि केसांवर जात नाहीत. कारखान्यातल्या निर्जंतुकीकरणाच्या कितीतरी आधी गोठ्यात घेतलेली ही काळजी आहे.

ग्रामीण भागातील शिक्षकांनी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. एखादे जनावर अचानक मेले आणि त्याच्या नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर त्याचे कातडे सोडवू नये, केस कापू नयेत, शव उघडू नये. हवा लागली की जीवाणूंचे बीजाणू होतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे आणि ते सांगतील त्याप्रमाणे शव खोल पुरावे.

तुलनेचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावाल तेव्हा त्यात जाडी, टोक, पाणी, फेस असे रकाने असतीलच. त्यांच्या अलीकडे आणखी एक रकाना आखून घ्यावा : 'केस आला कोठून?' तो भरण्यासाठी तराजू किंवा लेझर उपयोगी पडत नाही. दुकानदाराला, कारागिराला विचारत जावे लागते. तो भरल्याशिवाय बाकीच्या रकान्यांतल्या आकड्यांवरून कोणता ब्रश चांगला, हे ठरवण्याची घाई करू नये.